जुन्नरची लेणी

जुन्नरची लेणी हा पुणे जिल्ह्यातील जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत कोरलेला बौद्ध लेण्यांचा समूह आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा येथे मिळून दोनशेहून अधिक कोरीव दालने आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक असा मानला जातो.

स्थान
कल्याण बंदराकडून येणारा व्यापारी मार्ग नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. भिक्षूंना एकांत हवा असला, तरी भिक्षेसाठी वस्ती जवळ असणे आवश्यक होते. येथील डोंगरांनी या दोन्ही गरजा भागविल्या.

रचना
स्तूप असलेले चैत्यगृह, निवासाचे विहार, भोजनमंडप आणि पावसाचे पाणी साठविणाऱ्या पोढी (टाकी) हे येथील मठजीवनाचे प्रमुख घटक होत. तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती १२ खांब आहेत. येथील स्तूप साधे असून शिल्पकाम मोजकेच आहे.

शिलालेख व दाते
ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांवरून हे मठ केवळ राजाश्रयावर उभे नव्हते, हे स्पष्ट होते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दाननिधी ठेवल्याचा उल्लेखही एका लेखात आहे. इरिल, चिट व चंद या यवनांनी अनुक्रमे दोन पोढी, भोजनमंडप आणि चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला. मानमोडीवरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या पोढी व मंडपाच्या दानाची नोंद असून त्यावर ४६ हे वर्ष आहे.

मानमोडीवरील एका समूहास भीमाशंकर म्हणतात. त्याचा त्याच नावाच्या ज्योतिर्लिंगाशी घोटाळा करू नये.

उत्तरकाळ
लेण्याद्रीतील ७ क्रमांकाच्या विहारात पुढे गणेशाची स्थापना झाली. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे हे मंदिर असून, सभामंडपाच्या बाजूंच्या खोल्यांवरून त्याचे मूळचे विहाररूप आजही ओळखता येते. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी येथील लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. या दात्यांची माहिती अन्य ग्रंथांत आढळत नसल्याने, झिजत चाललेल्या या अक्षरांचे जतन महत्त्वाचे ठरते.