टिटुबाचं नाव आधी का आलं?

भानामती म्हटलं की शिकलेली पोरं हसतात. अंधश्रद्धा हाय, अडाणीपणा हाय, झालं, पुढचा विषय घ्या. पण देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या पट्ट्यात ज्याचं बालपण गेलं त्याला हसू येत नाही. घरावर दगड पडतात. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं पेट घेतं. शिजल्या अन्नात घाण निघते. सुनेच्या अंगावर फुल्या उमटतात आणि रात्री ती कुत्र्यासारखी भुंकते. इथपर्यंत गाव नुसतं घाबरलेलं असतं. मग कुणीतरी एक नाव घेतं. त्या नावाचं घर गावाच्या कोणत्या अंगाला असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

फुल्या कशाने उमटतात, कपडा कसा पेटतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव दाखवून दिलेलं आहे. बिब्ब्याचं तेल, फॉस्फरस, आणि बहुतेक वेळा घरातलाच हात. ते काम मोठं आहे आणि त्यासाठी माणसं मेली आहेत. पण नाव कसं निघतं, कुणाच्या तोंडून निघतं, कोण ते उचलून धरतं, हा प्रश्न बिब्ब्याने सुटत नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही अभ्यासवर्गात एक लांबची कादंबरी वाचायला घेतली. इंग्रजीत वाचायची आणि मराठीत एकमेकांना सांगायची.

कादंबरी आहे ॲन पेट्री या काळ्या लेखिकेची, 'टिटुबा ऑफ सेलम व्हिलेज', 1964 सालची. पेट्रीबाई 1908 साली कनेक्टिकटमधल्या ओल्ड सेब्रुक या गोऱ्यांच्या गावात जन्मल्या. बाप औषधाचं दुकान चालवायचा, त्याही औषधशास्त्र शिकल्या. 1946 च्या 'द स्ट्रीट' या त्यांच्या कादंबरीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. काळ्या बाईच्या पुस्तकाच्या इतक्या प्रती त्याआधी कधी खपल्या नव्हत्या. टिटुबाची गोष्ट त्यांनी शाळकरी पोरांसाठी लिहिली. म्हणून समीक्षक तिला फारसं मोजत नाहीत. न मोजोत.

आता सेलम. इंग्लंडात प्युरिटन नावाचा पंथ होता. धर्म शुद्ध पाहिजे, चर्च शुद्ध पाहिजे, माणूस शुद्ध पाहिजे असा त्यांचा आग्रह. मराठीत सांगायचं तर सोवळे. मला दुसरा शब्द सुचत नाही. तिकडे त्यांचा छळ झाला म्हणून सतराव्या शतकात ते समुद्र ओलांडून अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्सची वसाहत केली. छळ सोसलेली माणसं. पण 1641 साली त्यांनीच आपल्या कायद्यात गुलामगिरीला जागा करून दिली. जमीन मूळच्या इंडियन लोकांची. ती बळकावल्यावर लढाया झाल्या, आणि 1690 च्या आसपास उत्तरेच्या सरहद्दीवरून घरंदारं जळालेली गोरी माणसं पळून येत होती. म्हणजे समोर जंगल, जंगलात ज्यांची जमीन घेतली ते, आणि मनात सैतान. सेलमकरांना हे तिन्ही एकच वाटायचं.

सेलम गावचा पाद्री सॅम्युएल पॅरिस. आधी बार्बाडोस बेटाशी संबंध असलेला व्यापारी, व्यापार बुडाल्यावर पाद्री झालेला. बरोबर घरात राबायला टिटुबा आणि जॉन हे दोन गुलाम. 1691 च्या हिवाळ्याच्या तोंडाला गावातल्या विरोधी गटाने पाद्रीचा पगार आणि जळणाची लाकडं देणं थांबवलं. बलुतं अडकवलेलं आपण ऐकलंय. तिथं गावच्या भटाचंच अडकवलं. घरात थंडी, बाहेर तंटा. जानेवारी 1692 मध्ये पाद्रीची नऊ वर्षांची पोरगी बेटी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके यायला लागले. ओरडणं, वाकडंतिकडं होणं, खाटेखाली घुसणं. वैद्य आला, त्याला कळेना. म्हणाला, वाईट हात आहे.

मग एक उतारा झाला. शेजारच्या मेरी सिब्ली या गोऱ्या बाईने पाद्रीच्या गुलामांना सांगून राईच्या पिठात त्या पोरींचं मूत घालून एक रोट करवला आणि कुत्र्याला घातला. कृती इंग्लंडची, सांगणारी गोरी, हात गुलामाचा. मार्चमध्ये मेरी सिब्लीला चर्चमध्ये सगळ्यांसमोर समज दिली, तिने चूक कबूल केली, मंडळींनी हात वर करून तिला माफ केलं. ती घरी गेली. टिटुबा तोवर तुरुंगात होती.

हा तपशील कादंबरीतला नाही. तो पाद्री पॅरिसच्याच चर्चच्या वहीत आहे. आमच्या वर्गात यावर बराच वेळ गेला, कारण आपल्या भागातही भगताने लिंबू सांगायचं, पाटलाने पैसे द्यायचे आणि तिकाटण्यावर उतारा ठेवायला पाठवायचं मांगवाड्यातल्या म्हाताऱ्याला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या काही झालं तर उतारा कुणी सांगितला हे गाव विसरतं. कुणी ठेवला ते विसरत नाही.

29 फेब्रुवारी 1692 ला पहिले वॉरंट निघाले. तक्रारीवर सह्या चार पुरुषांच्या, पोरींची एकही नाही. नावं तीन. पहिली टिटुबा, गुलाम. दुसरी सारा गुड, दारोदार भीक मागणारी. तिसरी सारा ऑसबोर्न, पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून गावातल्या बलदंड पुटनम घराण्याच्या नात्यागोत्याशी वाद असलेली आणि आपल्याच नोकराशी लग्न केलेली बाई. तक्रारीवरच्या चार सह्यांत दोन पुटनमांच्या. एक गुलाम, एक भिकारीण, एक जमिनीच्या आड येणारी. याहून चांगला नकाशा कुठल्या समाजशास्त्रज्ञाने काढला असता? पुढं 1974 साली बॉयर आणि निसेनबॉम या दोन इतिहासकारांनी सेलमचा खराच नकाशा काढला: आरोप करणारे बहुतेक गावाच्या एका अंगाला, आरोप झालेले दुसऱ्या.

टिटुबाने कबुली दिली. मालकाने मारून कबूल करवलं, असं तिनेच पुढं सांगितल्याची नोंद कॅलेफ नावाच्या माणसाच्या 1700 सालच्या पुस्तकात आहे. आणि त्या कोर्टाचा न्याय उफराटा होता. कबूल केलं ते वाचले, नाही म्हणाले ते फासावर गेले. एकोणीस जणांना फाशी, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड ठेवून चिरडलं, काही तुरुंगातच मेले. दीडशेवर लोकांवर आरोप झाले. सारा गुडला फासावर दिलं, तिची चार-पाच वर्षांची पोरगी डोरोथी साखळदंडात होती. पहिल्या तीन नावांवर कुणी हू की चू केलं नाही. नावं प्रतिष्ठितांच्या घरापर्यंत पोचायला लागली तेव्हा मात्र शंका सुचू लागल्या, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते खास कोर्टच मोडलं.

पेट्रीबाईंचं मोठेपण असं की त्या टिटुबाला जादूगार करत नाहीत आणि बिचारीही करत नाहीत. त्या तिचं काम दाखवतात. सूत कातणं, भाकरी भाजणं, पाद्रीच्या आजारी बायकोची उस्तवार, परक्या पोरीला मांडीवर घेणं. घरातल्या प्रत्येक घासाला तिचा हात लागलेला, म्हणून घास कडू लागला की तिच्याकडे बोट. इथं थोडं थांबायला पाहिजे. तिथं गुलामाच्या हातचं खाऊन संशय, इथं आपल्या हातचं न खाता संशय. आपल्या बायांना वाड्याच्या चुलीपर्यंत जाऊ दिलं नाही, तरी वाड्यावरची म्हैस आटली तर ती आपल्या बाईच्या नजरेनं. दुरूनही बाटवणारी, दुरूनही मारणारी. अस्पृश्यतेला पाण्याला हात लागायचीही गरज पडत नाही, आणि करणीच्या आरोपालाही नाही. गाव दोन्ही एकाच कारणाने मानतं.

दुसरी एक टिटुबा आहे, ग्वादलूप बेटावरच्या मारीझ काँदे यांनी 1986 साली फ्रेंचमध्ये लिहिलेली. ती बंडखोर आहे, बार्बाडोसला परत जाते, बंडात सामील होऊन फासावर जाते. पोरांना तीच आवडली. मला पेट्रीची आवडते. बंड दाखवणं सोपं असतं, चुलीपाशी उभं राहून दिवस काढणं दाखवायला जास्त ताकद लागते. वादाला जागा आहे, वाद घाला.

एक अडचण मात्र दोघींच्याही वाटेत आहे. कोर्टाच्या कागदात टिटुबाला इंडियन म्हटलेलं आहे. ती काळी झाली ती मागाहून, लेखकांच्या हातून. ती कुठं जन्मली, तिची भाषा कोणती, यावर इतिहासकार अजून भांडतात. कारण तिचा स्वतःचा एकही कागद नाही. जे आहे ते तिला प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहून घेतलेलं. आपल्याकडच्या माणसाचंही तसंच. गावच्या दप्तरात तो वेठीच्या, चोरीच्या, नाहीतर करणीच्या निमित्ताने येतो. म्हणून कादंबरी लागते. पण कादंबरी वाचताना कागद कुठं संपतो आणि लेखिका कुठं सुरू होते, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, नाहीतर आपणही पुराणच सांगत बसू.

काळ्यांच्या साहित्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी 1946 साली डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची प्रत मागितली होती. 1972 साली पँथर उभी राहिली ती नावासकट. लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य आणि पुढं 1994 साली नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. पण आपण उचलला तो बहुतेक पुरुषांचा संताप. टिटुबाच्या स्वयंपाकघरात आपण गेलो नाही.

आणि त्या झटके येणाऱ्या पोरी? त्यांना लबाड म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्यातली मर्सी लुईस सरहद्दीवरच्या लढायांत अनाथ झालेली आणि पुटनमांच्या घरात मोलकरीण म्हणून राबणारी. दिवसभर काम, रात्री प्रार्थना, तोंड उघडायची सोय नाही. झटका आला की मात्र सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघतो. भुंकणाऱ्या सुनेचं याहून वेगळं काय असतं? तिची कळ खरी आहे. पण त्या कळेचं नावात रूपांतर मधली माणसं करतात: पाद्री, देवऋषी, पोलीस पाटील, शेताच्या बांधावरून भांडणारा भाऊबंद. एका मुकीची कळ दुसऱ्या मुकीच्या गळ्यात बांधली जाते, आणि बांधणारे कागदावर फक्त सह्या करतात.

हे सगळं 1692 चं झालं. आता जवळ येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुका आहे, माणिकगडचा पहाड. नांदेड, लातूर, परभणीकडची माणसं 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे पोट घेऊन या पहाडावर गेली. मूळचे गोंड, कोलाम. वर हे नवे वसलेले. जमिनीचे पट्टे वर्षानुवर्षं लटकलेले. चौदा गावं तर महाराष्ट्राची की पलीकडच्या राज्याची हाच वाद. याच तालुक्यात वणी खुर्द या गावी ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना, त्यात म्हातारी माणसं आणि बाया, भर चौकात खांबाला बांधून मारलं. पोलिसांनी अटका केल्या, पेपरात चार दिवस आलं. सेलमचं गाव समजायला आम्हाला जिवतीचा जितका उपयोग झाला तितका कुठल्या टीकाग्रंथाचा झाला नाही. नवी वस्ती, कच्ची मालकी, चहूबाजूंनी रान.

सीमेपलीकडे मेदक भागात तर संशयिताचे दात पाडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. दात नसले की मंत्र नीट म्हणता येत नाही म्हणे.

कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, तो सैतान आहे असं जाहीर करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कार्यकर्त्यांनी ते परिशिष्ट पाठ करावं. म्हणजे मार पडेपर्यंत थांबायची गरज नाही, नाव घेतलं तिथंच गुन्हा झाला. ठाण्यात 'किरकोळ भांडण' असं लिहून घ्यायला लागले तर हे कलम पुढं करायचं. मार खाणारे दलित आणि मारणारे सवर्ण असतील तर ॲट्रॉसिटीही लावून घ्यायची. आणि फिर्याद लिहून घेताना नाव पहिल्यांदा कुणी घेतलं, त्याचा त्या घराशी जमिनीचा, उसनवारीचा, मजुरीचा काय वाद आहे, हे त्याच कागदावर आणायचं. नाहीतर उरते नुसती 'गावकऱ्यांची अंधश्रद्धा', आणि अंधश्रद्धेला कुणी आरोपी करत नाही.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण आपल्याच पानावर नाही बोलायची तर कुठं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीतही पोर आजारी पडलं की रात्री कुजबुज होते, आणि त्या कुजबुजीतलं नाव एखाद्या मातंग घराचं असतं, नाहीतर आपल्यातल्याच एकट्या विधवेचं. छळ सोसून समुद्र ओलांडलेल्या सोवळ्यांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे. धम्म घेतल्याने ती कुजबुज आपोआप बंद होत नाही. ती बंद करायची तर त्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, तिच्या हातचा चहा चार माणसांसमोर प्यावा लागतो, आणि आपल्या चुलत्याशी भांडावं लागतं. ज्यांनी हे केलंय त्यांना विचारा, मोर्चापेक्षा ते अवघड जातं.

टिटुबाचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. तिच्यावर खटला उभाच राहिला नाही. मे 1693 मध्ये पंचांनी तिच्यावरचा आरोप फेटाळला. पण तिकडं तुरुंगाचा खर्च कैद्याने भरायचा असे. पाद्री पॅरिसने तो भरायला नकार दिला. वर्षाहून जास्त काळ आत काढल्यावर तिला त्या खर्चाच्या रकमेला विकलं. पेट्रीबाईंनी कादंबरीत तिला बोस्टनचा एक विणकर सोडवून नेताना दाखवलंय, तिच्या सुताची किंमत कळणारा माणूस. कागदात विकत घेणाऱ्याचं नावही नाही. 1711 साली वसाहतीच्या सरकारने फाशी गेलेल्यांच्या आणि शिक्षा झालेल्यांच्या घरच्यांना भरपाई दिली. एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक बाई त्या यादीतून सुटली होती, तिचं नाव 2022 साली आठवीच्या शाळकरी पोरांनी पाठपुरावा करून निर्दोष ठरवून घेतलं. टिटुबाला शिक्षाच झालेली नव्हती, त्यामुळे भरपाईच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नाही.