पक्षी आणि भिंग यांमधील अंतर

श्रोतेहो, विसावें शतक उजाडण्याच्या सुमारास इंग्लंडांतील कुरणांत अधूनमधून एक विलक्षण बैल उभा दिसे. तो चरत नसे, रवंथ करीत नसे. मात्र त्याच्या कातड्यास पाडलेल्या भोंकांतून कॅमेऱ्याचें भिंग बाहेर डोकावत असे. सांगाड्यावर कातडें चढवून तो पोकळ बैल बनविलेला होता, आणि त्याच्या पोटांत अवघडून बसलेला मनुष्य पांखरूं जवळ येण्याची वाट पाहत असे. एकदां तर आंतील मनुष्यासह तो बैल उलथून पडला आणि त्याचे पाय आकाशाकडे झाले! हा खटाटोप करणारे दोघे भाऊ म्हणजे रिचर्ड आणि चेरी कीर्टन. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची कथा सांगावयाची तर ह्या दोघांना वगळून चालत नाहीं.

हे बंधू यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलुखांत वाढलेले. थोरल्या रिचर्डच्या पायास लहानपणींच एका अपघातानें कायमचें अधूपण आलें होतें. तरी घरट्यांमागची त्याची भटकंती सुटली नाहीं. १८९२ च्या एप्रिल महिन्यांत लंडनच्या उत्तरेस एन्फील्डजवळ चेरीनें थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. पुढें तीनच वर्षांनीं, १८९५ सालीं, त्यांचें ‘ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स’ हें पुस्तक निघालें. आरंभापासून अखेरपर्यंत छायाचित्रांनींच सजविलेलें निसर्गविषयक असें तें पहिलें पुस्तक मानलें जातें.

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. दूरची वस्तु मोठी करून दाखविणारें भिंग त्या काळीं नव्हतें काय, कीं ह्या मंडळींना बैलाच्या पोटांत शिरावें लागलें? भिंग होतें. १८९१ सालीं लंडनचे डॅलमेयर आणि जर्मनींतील मीथे व श्टाइनहाइल ह्यांनीं जवळजवळ एकाच वेळीं टेलिफोटो भिंगाची रचना सिद्ध केली होती. तींतील युक्ति अशी: पुढचीं बहिर्गोल भिंगें प्रकाशकिरणांना एकत्र आणूं लागतात, आणि मागचीं अंतर्गोल भिंगें त्यांचें मीलन लांबवितात, त्यामुळें नळी आंखूड राहूनहि प्रतिमा मोठी पडते.

मग घोडें अडलें कोठें? तें उजेडापाशीं अडलें. जेवढा प्रकाश लहान प्रतिमेवर पडावयाचा, तेवढाच मोठ्या प्रतिमेवर पसरावा लागतो. प्रतिमा लांबीरुंदीनें चौपट केली, तर उजेड सोळा पटींनीं विरळ होतो आणि प्लेटहि सोळा पट वेळ उघडी ठेवावी लागते. त्या काळच्या काचेच्या प्लेटा आधींच मंद. जेथें साध्या भिंगास सेकंदाचा सोळावा भाग पुरे, तेथें टेलिफोटोस पुरा सेकंद हवा. तेवढ्यांत पांखरूं मान वळवितें, वाऱ्यानें फांदी हलते, आणि लांब भिंग बारीकसा धक्काहि वाढवून दाखवितें. पक्षी खात्रीनें एका जागीं स्थिर बसतो तो अंड्यांवर. म्हणून भिंग मागें राहिलें आणि माणूसच घरट्यापाशीं गेला.

ह्या जवळिकेचें मोल पुष्कळदां पक्ष्यांनीं दिलें. चित्र स्वच्छ यावें म्हणून घरट्यावरचीं पानें बाजूस सारलीं, कीं सावली जाऊन पिलें उन्हांत तापतात आणि कावळ्यास आयतीच वाट मिळते. कधीं तें मोल माणसानेंहि दिलें. १९३७ च्या मे महिन्यांत वेल्समध्यें एरिक हॉस्किंग हा तरुण छायाचित्रकार रात्रीं घुबडाच्या घरट्यासमोरील आपल्या लपणाकडे गेला असतां घुबडानें त्याच्या तोंडावर झडप घातली, आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. तरी तो जन्मभर पक्ष्यांचींच चित्रें घेत राहिला. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रास त्यानें ‘अ‍ॅन आय फॉर अ बर्ड’ असें नांव दिलें. त्याचा एक अर्थ ‘पक्ष्यापायीं एक डोळा’ असाहि होतो.

आपल्या देशांतहि आरंभीं हाच मार्ग चालला. लोथर ह्यांचें ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हें पुस्तक १९४९ सालीं निघालें. दुसरे नांव लोक वान थो ह्यांचें. १९४२ सालीं सिंगापुरांतून निसटत असतां त्यांच्या जहाजावर बाँब पडले. ते भाजले, आणि कांहीं काळ त्यांची दृष्टीहि गेली. बरे झाल्यावर ते भारतांत आले. मुंबईस सालिम अलींशीं त्यांचा स्नेह जुळला, आणि परत लाभलेल्या त्या दृष्टीनें त्यांनीं लपणांत तासन्‌तास बसून भारतीय पक्षी टिपले. ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हें त्यांचें पुस्तक १९५७ सालचें.

माणसास मागें सरकूं देणारी प्रगति मात्र सावकाश आली. १९३६ च्या ‘किने एक्झाक्टा’ कॅमेऱ्यांत आरशाच्या योगें भिंगांतलेंच दृश्य डोळ्यास दिसूं लागलें, त्यामुळें लांब भिंगानें नेम धरणें सुकर झालें. फिल्म उत्तरोत्तर जलद होत गेली. १९६९ सालीं कॅनननें फ्लोराइट स्फटिकाचें लांब भिंग काढलें, त्यानें प्रतिमेच्या कडेचे विखुरलेले रंग आवरले. १९९५ सालीं हाताचा कंप सावरणारें भिंग आलें. पुढें डिजिटल संवेदकानें मंद उजेडाची अडचणहि पुष्कळशी दूर केली.

आज भिंग निवडणाऱ्यानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा. ५० मिलिमीटरच्या भिंगानें ५ मीटरांवरून पांखरूं जेवढें दिसतें, तेवढेंच ५०० मिलिमीटरच्या भिंगानें ५० मीटरांवरून दिसतें. मधले ४५ मीटर हीच त्या भिंगाची खरी कमाई. मात्र उजेड अधिक हवा तर वजनहि अधिक. ५०० मिलिमीटरचें भिंग एफ ४ चें असेल तर त्याचें तोंड १२५ मिलिमीटर रुंद लागतें, एफ ५.६ चें असेल तर ९० मिलिमीटर पुरे. जें दिवसभर खांद्यावर वाहवेल तेंच घ्यावें. शटर सेकंदाच्या पांचशेंव्या भागाहून मंद नसावें, उडत्या पक्ष्यास दोन हजारावा भागहि लागतो. तिपाई नसेल तर वाळूच्या पिशवीचा टेंका घ्यावा. दुपारीं तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा कोणत्याहि भिंगास भेदतां येत नाहीं; यास्तव सकाळ साधावी.

परंतु श्रोतेहो, एवढें लांब भिंग हातीं असूनहि जवळ जाण्याचा मोह सुटत नाहीं. आजहि कोणी घरट्याभोंवतीं घोटाळतो, कोणी रोहित पक्ष्यांचा थवा उडेपर्यंत नाव पुढें रेटतो. पक्ष्यानें चरणें थांबवून मान ताठ केली, कीं त्याची सीमा आपण ओलांडली असें समजावें आणि निमूटपणें मागें सरावें. कीर्टन बंधूंनीं बैलाचें कातडें पांघरलें, कारण त्यांच्या भिंगास तेवढें बळ नव्हतें. आपल्या भिंगास तें आहे. चित्र घेऊन आपण निघून आल्यावरहि पांखरूं होतें तेथेंच दाणे टिपीत राहिलें, तर भिंग योग्य निवडलें आणि योग्य वापरलें, असें खुशाल मानावें.