रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन : पुराव्याचा इतिहास आणि ग्रामीण संदर्भ

हृदयाची गती बिघडविणारा सूक्ष्म ऊतिभाग उच्च वारंवारितेच्या विद्युत्प्रवाहाने तापवून निष्क्रिय करणे म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन होय. 1982 मध्ये याच हेतूने नलिकेतून थेट विद्युत्धक्का देण्यात आला. नंतरची ही पद्धत अधिक नियंत्रित ठरली. 1991 मध्ये जॅकमन व सहकाऱ्यांनी 166 पैकी 164 रुग्णांतील अतिरिक्त विद्युत्मार्ग बंद केले. 1998 मध्ये हायसागेर यांनी 45 रुग्णांच्या अभ्यासातून अलिंद-कंपनाचे बहुतेक उगम फुप्फुसशिरांत असल्याचे दाखविले. तथापि 2204 रुग्णांच्या ‘कबाना’ चाचणीत (2019) औषधांच्या तुलनेत कंपनाची पुनरावृत्ती घटली, परंतु मृत्यू, पक्षाघात आदींच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट सिद्ध झाली नाही.

2011-12 मधील भारतीय नोंदणीत अलिंद-कंपनाच्या 1537 रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना ऱ्हुमॅटिक हृदयविकार होता. त्यामुळे डहाणू तालुक्यातील आगरसारख्या गावासाठी या संशोधनाचे निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. बालकांच्या जिवाणूजन्य घसादुखीवर वेळीच दिलेले पेनिसिलिन ऱ्हुमॅटिक ताप टाळू शकते. तेथील हृदयरक्षणाचा प्रारंभ शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो.