केमो घेऊन घरी आलात, आता काय? औषधांचे प्रकार, दुष्परिणाम आणि घ्यायची काळजी

चेंबूरहून हार्बर लाइननं एका दिशेला गेलं की शिवडी येतं, आणि तिथून टॅक्सीनं परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल गाठता येतं. दुसऱ्या दिशेची गाडी खारघरला नेते. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचंच ॲक्ट्रेक आहे. १९४१ साली सुरू झालेलं टाटा हॉस्पिटल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. चेंबूरशेजारचं बीएआरसीही याच विभागाचं.

केमोची बरीच औषधं आता डे-केअरमध्ये दिली जातात. म्हणजे सकाळी सलाईन लावतात आणि संध्याकाळी पेशंट घरी येतो. पुढचे दोन-तीन आठवडे घरीच जातात आणि बहुतेक दुष्परिणामही याच दिवसांत दिसतात. त्यामुळे काय सहन करायचं आणि कशासाठी धावत हॉस्पिटल गाठायचं, हे घरच्यांना माहीत असायला हवं.

केमो म्हणजे नेमकं काय?

'केमो' हे एका औषधाचं नाव नाही. वेगानं वाढणाऱ्या पेशी मारणाऱ्या अनेक औषधांना मिळून केमोथेरपी म्हणतात. कॅन्सरच्या पेशी वेगानं वाढतात. पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्यांचं अस्तर, हाडांमधल्या मगजातल्या रक्तपेशी यांचीही वाढ वेगानं होते. औषधाला हा फरक नीट कळत नाही. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात आणि रक्तातल्या पेशी कमी होतात.

शेजारच्या काकूंना जो त्रास झाला तोच तुमच्या पेशंटला होईल असं नाही. औषध वेगळं असेल तर त्रासही वेगळा असतो.

मुख्य प्रकार कोणते?

१. डीएनएवर थेट घाव घालणारी औषधं

यात सायक्लोफॉस्फामाइड आणि प्लॅटिनम गटातली सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन ही औषधं येतात.

- सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ शकते. भरपूर पाणी पिणं आणि लघवी न थांबवणं महत्त्वाचं.
- सिस्प्लॅटिनमुळे मळमळ खूप होते. किडनी आणि कानांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून औषधासोबत जास्तीचं सलाईन देतात.
- ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गारवा सोसत नाही. फ्रीजचं पाणी प्यायलं की घशात टोचतं, गार भांड्याला हात लावला की मुंग्या येतात. पाणी कोमटच प्यावं.

२. पेशीला 'खोटा कच्चा माल' देणारी औषधं

मेथोट्रेक्सेट, ५-एफयू, कॅपेसिटाबिन आणि ६-एमपी ही अँटिमेटाबोलाइट गटातली औषधं. पेशी त्यांना कामाचा कच्चा माल समजून आत घेते आणि तिची वाढ अडते.

कॅपेसिटाबिनची गोळी घरीच घ्यायची असते. तळहात-तळपाय लाल होणं, सोलणं आणि जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास. दिवसातून बऱ्याच वेळा जुलाब होत असतील, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

६-एमपी लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये वापरतात. मुलांसाठी गोळी तोडून किंवा चुरून द्यावी लागे आणि डोस नेमका राहत नसे. टाटा मेमोरियल, ॲक्ट्रेक आणि बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जनी मिळून याच औषधाचं पातळ रूप तयार केलं. 'प्रीव्हॉल' नावानं ते २०२५ मध्ये आलं.

३. लाल रंगाचं औषध

डॉक्सोरुबिसिन दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग असतो, घाबरू नका. मात्र हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं. म्हणून २डी इको करतात आणि आयुष्यभरात एकूण किती द्यायचं यालाही मर्यादा असते. आधी कुठे केमो झाली असेल तर ती फाइल डॉक्टरांना दाखवाच.

४. झाडांपासून आलेली औषधं

विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही औषधं आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यापासून इरिनोटेकन, टोपोटेकन ही औषधं बनतात. याच मागणीपायी नरक्याची बेकायदा तोडही झाली. पॅक्लिटॅक्सेलचं मूळ यू नावाच्या झाडात आहे.

- विन्क्रिस्टिन: बोटांत बधिरपणा, बद्धकोष्ठता.
- पॅक्लिटॅक्सेल: देताना ॲलर्जीची शक्यता, म्हणून आधी दुसरी औषधं देतात. नंतर हातापायांत मुंग्या.
- इरिनोटेकन: जोरदार जुलाब.

मग सदाफुलीचा काढा का नको?

व्हॉट्सॲपवर असे फॉरवर्ड सतत फिरत असतात. पण पानांत हे द्रव्य अत्यल्प असतं, त्यासोबत इतर विषारी द्रव्यंही असतात, आणि काढ्यातून किती पोटात गेलं हे मोजता येत नाही. विन्क्रिस्टिन तर हॉस्पिटलमध्येही फक्त शिरेतूनच देतात. चुकून मणक्यात गेलं तर ते जीवघेणं ठरतं. कोणताही काढा, भस्म किंवा पावडर घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. केमोशी त्याची रिॲक्शन होऊ शकते.

सर्वात महत्त्वाचं: ताप

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वात कमी होतात. या काळात साधं इन्फेक्शनही काही तासांत जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात थर्मामीटर हवाच.

ताप १००.४ अंश फॅरेनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा जास्त असेल, तर ती इमर्जन्सी आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका, कारण ताप उतरतो पण इन्फेक्शन आत तसंच राहतं. आपलं केमो सेंटर लांब असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि 'पेशंटची केमो सुरू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.

या वेळीही लगेच हॉस्पिटल गाठा:

- थंडी वाजून हुडहुडी भरणं
- दम लागणं, छातीत दुखणं
- कुठूनही रक्त येणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके
- पाणीही पोटात न टिकणं

आणि सलाईन सुरू असताना सुईच्या जागी जळजळ झाली तर लगेच नर्सला सांगा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जळते.

घरी कोणती काळजी घ्यायची?

- केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शी, उलटीतून औषध बाहेर पडतं. साफ करताना हातमोजे घाला. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा.
- माखलेले कपडे वेगळे धुवा. हे काम घरातल्या गरोदर बाईला देऊ नका.
- केमोची गोळी तोडू किंवा चुरू नका. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात न टाकता हॉस्पिटलला परत करा.
- ताजं शिजवलेलं खा, पाणी उकळून प्या. चेंबूर कॅम्पातली पाणीपुरी आणि गाडीवरची कापलेली फळं उपचार संपेपर्यंत नकोत.
- दात काढणं किंवा कोणतीही लस घेणं, आधी डॉक्टरांना विचारा.
- उपचारात गर्भ राहू नये याची काळजी घ्या. पुढे मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधीच तसं सांगा.

पेशंटला जवळ घेणं, एकत्र जेवणं यात काही धोका नाही. कॅन्सर संसर्गजन्य नाही.

फोनमध्ये काय ठेवाल?

औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, ताजा सीबीसी रिपोर्ट आणि हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर. या चार गोष्टींचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री धावपळ झाली तर पहिल्यांदा हेच विचारतात.

(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. औषध, डोस आणि उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)