पाणी जायचे कुठे? कान्हेरीच्या रानातील स्नानाची व्यवस्था

गेली अठरा-एकोणीस वर्षे सुट्टीच्या दिवशी जमेल तेव्हा मी जोगेश्वरीहून लोकल पकडून बोरिवलीला उतरतो आणि राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांकडे जातो. दोन वर्षांपूर्वी एका मित्राची सातवीतली मुलगी सोबत होती. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच लेण्यांत भिक्खू राहत असत, हे ऐकल्यावर तिने विचारले, "काका, मग हे सगळे अंघोळ कुठे करायचे?" मी लेण्याशेजारच्या टाक्याकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "ते तर प्यायचे पाणी ना? त्यात अंघोळ कोण करू देईल?"

चाळीच्या सामाईक मोरीवर लहानपण काढलेल्या माणसाला हा प्रश्न आधीच सुचायला हवा होता. त्यातून माझी नोकरीही नळजोडणीच्या ठेकेदाराकडे हिशेब लिहिण्याची. पाणी आणणे सोपे, पाणी घालवणे अवघड, हे वाक्य मी तिथल्या मिस्त्रींकडून शेकडो वेळा ऐकले आहे. तरीही कान्हेरीत मी फक्त येणारे पाणी पाहत आलो होतो. जाणारे पाणी कधी पाहिलेच नव्हते.

येणाऱ्या पाण्याची व्यवस्था खरोखर थक्क करणारी आहे. मुंबईच्या या उपनगरी पट्ट्यात वर्षाला २२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा. म्हणून लेण्यांच्या माथ्यावर आणि दर्शनी भागावर कातळात पन्हळी खोदून ते पाणी अंगणाच्या कडेच्या टाक्यांत उतरवले आहे. टाक्याचे तोंड लहान आणि पोट कातळाच्या आत, त्यामुळे ऊन कमी लागते आणि पाणी कमी उडते. ब्राह्मी लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि लेण्याच्या दानाबरोबर 'पाणियपोढी' दिल्याची नोंद वारंवार येते. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे. पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळच्या लेखात तर वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती महाक्षत्रपाची कन्या होती. त्याच लेखात सातेरक नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके दान दिल्याचे म्हटले आहे. म्हणजे राजघराण्याशी जोडलेल्या दानाचा विषयसुद्धा पाण्याचे टाके हाच.

परंतु 'पाणिय' म्हणजे प्यायचे पाणी. त्या मुलीची हरकत बिनतोड होती.

उत्तरासाठी मी विनयपिटकाकडे वळलो. पालीची गोडी मला धर्मानंद कोसंबी यांच्या पुस्तकांनी लावली. व्याकरण पुढे स्वतःच घोकले. अडले की ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांच्या भाषांतराचा आधार घेतो. त्यातला चुल्लवग्गाचा मोठा भाग १८८५ साली प्रसिद्ध झाला. याच चुल्लवग्गाच्या पाचव्या प्रकरणात एका सार्वजनिक स्नानगृहाचा जवळजवळ संपूर्ण आराखडा आहे. त्याचे नाव जंताघर.

प्रसंग वैशालीचा. भिक्खूंना चांगलेचुंगले जेवण मिळू लागले, अंगे जड झाली, आजार वाढले. वैद्य जीवकाने ते पाहिले आणि चालण्यासाठी चंक्रम व घाम काढण्यासाठी जंताघर यांना परवानगी मागितली. ती मिळाली. पुढचा मजकूर वाचताना मला धर्मग्रंथ कमी आणि साइटवरची डायरी जास्त आठवली. आधी अडचण, मग तोड, त्यातून नवी अडचण, मग नवी तोड.

जंताघर सखल जागी बांधले, तर पाणी शिरले. म्हणून उंच जोते. जोते ढासळू लागले. म्हणून विटा, दगड किंवा लाकूड यांचे बांधकाम. चढताना त्रास झाला; म्हणून पायऱ्या. पायऱ्यांवरून पडले, म्हणून हाताला आधार. धूर कोंडला, म्हणून धुराडे. लहान जंताघरात मधोमध चूल केल्याने वावरायला जागा उरेना. म्हणून लहानात चूल एका बाजूला आणि मोठ्यात मध्यभागी. आगीने तोंड भाजू लागले. म्हणून तोंडाला लावायची माती आणि ती भिजवायला लाकडी डोणी. गवताने शाकारलेल्या खोलीत घाम येईना; म्हणून आतून-बाहेरून गिलावा. जमिनीवर बसून अंगाला खाज सुटली. म्हणून बसायला चौरंग. बाहेरून सगळे दिसू लागले. म्हणून कुंपण, आणि पुढे दाराशी ओवरी.

या सगळ्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, ती चिखलाची. जंताघरात चिखल झाला, फरशी करा. तरी चिखल, धुऊन काढा. धुतल्यावर पाणी साचले, मोरी काढा. ओवरीपुढे चिखल झाला, खडी पसरा, दगड बसवा, तिथेही मोरी काढा. पुढे थंड पाण्याच्या अंघोळीचा विषय निघतो, तेव्हा पुन्हा तेच. भिक्खू आरामात म्हणजे विहाराच्या बागेत वाटेल तिथे अंघोळ करत, त्यामुळे सगळीकडे राड होई. यावर 'चंदनिका' म्हणजे अंघोळीसाठी व सांडपाण्यासाठी एक ठरलेली जागा नेमली गेली. आणि तिलाही कुंपण, फरशी, मोरी. ग्रंथातल्या स्नानगृहाची प्रत्येक सुधारणा कुठे ना कुठे या एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: पाणी जायचे कुठे?

बागेत आणि रानात या प्रश्नाला आणखी एक बाजू असते. विनयाचे दुसरे काही नियम यांच्या जोडीला ठेवून वाचले की ती दिसते. वनस्पती तोडण्यास मनाई आहे. जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर वा मातीवर ओतणे दोष आहे. हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकणेसुद्धा वर्ज्य आहे. अंघोळ करताना झाडाला किंवा खांबाला अंग घासण्याचीही बंदी आहे, कारण लोक म्हणू लागले की हे तर पहिलवानांसारखे वागतात. म्हणजे रानातल्या स्नानगृहाने माणसाला रानापासून आडोसा द्यायचा आणि रानालाही माणसापासून आडोसा द्यायचा, अशी ही दुहेरी बांधणी आहे.

येथे एक शंका रास्त ठरेल. भिक्खू रोज अंघोळ करत होते का? मूळ नियम तर पंधरा दिवसांतून एकदाचा आहे. राजगृहाच्या तपोदा या उन्हाच्या कुंडांवर भिक्खू अंधार पडेपर्यंत नाहत राहिले. राजा बिंबिसार आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबला आणि तोवर नगराचे दरवाजे बंद झाले. राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. त्यावरून हा निर्बंध आला. पुढे उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वादळवारा अशा सवलती मिळाल्या. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची सवलत महावग्गात आहे. अवंती-दक्षिणापथातून आलेल्या सोण कुटिकण्णाने गुरू महाकच्चानाच्या वतीने विनंती केली की आमच्याकडचे लोक स्नानाला फार मानतात. त्यावर सीमेपलीकडच्या प्रदेशांत नित्य स्नानाची मोकळीक दिली गेली. मध्यदेशातून पाहता कोकण त्या सीमेच्या कितीतरी पलीकडे. म्हणजे रोजच्या अंघोळीची आपली सवय संघाने लोकांकडून घेतली, लोकांनी संघाकडून नव्हे.

मी कान्हेरीत जंताघर शोधून काढल्याचा दावा करत नाही. पाली विनय एका निकायाचा, आणि कान्हेरीच्या लेखांत नाव येते ते भद्रायणीय निकायाचे. परंतु हा ग्रंथ वाचून परत गेल्यावर मी वेगळ्या गोष्टी पाहू लागलो. अंगणाच्या कातळाला दिलेला ढाळ पाहा. अंगणातल्या खांबांच्या खळग्या पाहा. तिथे लाकडी मांडव उभारता येई. काही लेण्यांपुढची अंगणे जोत्यासारखी उंच आहेत आणि वर जायला पायऱ्या आहेत. टाके कडेला, बसायचा दगडी बाक भिंतीशी, आणि पाण्याची वाट खालच्या ओढ्याकडे. टाक्यातून भांड्याने पाणी काढायचे, अंगावर घ्यायचे ते टाक्यापासून दूर, आणि उतारावर. कोकणच्या पावसात तीन महिन्यांचा वर्षावास या ओलसर कातळात काढणाऱ्यांना शेकोटी आणि ऊन पाणी यांचीही गरज भासली असणार, हा माझा तर्क. त्यासाठी लाकूड आणि गवत वापरले असेल तर ते मागे उरणार नाही.

दगडात उरलेले जंताघर पाहायचे तर श्रीलंकेत जावे लागते. आरंकेले आणि रितिगल येथील वनविहारांत, दाट झाडीत, जंताघरांचे अवशेष आहेत. रितिगलला तर प्रवेशापाशीच बांधीव घाटांचा मोठा तलाव आहे. पुस्तकातल्या सूचना प्रत्यक्ष रानात उतरल्या होत्या, याला एवढा पुरावा पुरे.

बांधकामाइतकेच महत्त्वाचे आहे ते वागणुकीचे प्रकरण. चुल्लवग्गाच्या आठव्या प्रकरणात जंताघराची शिस्त सांगितली आहे. जो आधी येईल त्याने राख काढावी, झाडावे, माती भिजवून ठेवावी. ज्येष्ठांना खेटून बसू नये, पण कनिष्ठांना जागेवरून उठवूही नये. शक्य असेल तर ज्येष्ठांची पाठ चोळावी. पाण्यात ज्येष्ठांच्या वरच्या अंगाला अंघोळ करू नये. आणि जो शेवटी निघेल त्याने जागा धुवावी, डोणी धुवावी, चौरंग आवरून ठेवावे, विस्तव विझवावा, दार ओढून घ्यावे.

हे वाचताना मला आमच्या चाळीची मोरी दिसली. बारा बिऱ्हाडांत एक. माझी आई पहाटे चारला उठून, जुन्या लुगड्याचा आडोसा बांधून अंघोळ उरकत असे, कारण उजाडल्यावर बाईमाणसाला तिथे सोय नव्हती. पाणी तुंबले की भांडण ठरलेले. शेवटी कोण गेले होते यावरून. आमच्याकडे नळ होता, नियम नव्हते. कुंपण नव्हते, चौरंग नव्हता, मोरीला ढाळ नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी या बेटावरच्या संन्याशांना जी काळजी मिळाली असेल, ती गिरणीत जाणाऱ्या माणसाच्या बायकोला मिळाली नाही. हे मी रागाने लिहीत नाही, पण विसरूनही लिहीत नाही.

आमच्या घरापासून जवळच सहाव्या शतकातले जोगेश्वरीचे शैव लेणे आहे. जमिनीखाली उतरलेले, आणि आता वरून-बाजूने वस्तीने वेढलेले. पावसाळ्यात त्यात पाणी साचते. वरच्यांनी आपले पाणी जायचे कुठे हे ठरवले नाही, की ते खालच्यांच्या दारात जाते.

उलट उदाहरणही उपनगरातच आहे. २०१६ मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात महापालिका आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांनी 'सुविधा' केंद्र उघडले. शौचालय, न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे एकाच छताखाली. आणि अंघोळीचे, हात धुण्याचे, कपड्यांचे वापरलेले पाणी शौचालयांसाठी पुन्हा उपयोगात आणायचे, ही त्यामागची आखणी. वापरलेले पाणी पुढे जाणार कुठे, हे बांधण्याआधी ठरवले होते. वैशालीच्या त्या भिक्खूंना हे लगेच पटले असते.

मित्राच्या मुलीला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे जो शेवटी जाईल त्याने धुवायचे, एवढेच ना?" बहुतेक एवढेच. कान्हेरीला पुढच्या वेळी जाल तेव्हा टाक्यात वाकून पाहाच, पण मग वळून अंगणाचा उतारही पाहा. पाणी कोणी दिले याचे लेख आहेत. ते नीट घालवणाऱ्याचा लेख कुठेही नाही, फक्त उतार आहे.