हिमरूची उलटी बाजू

क्रोशाच्या सुईने एकेक फूल विणायचे आणि मग फुले जोडून शाल करायची, हे आपल्या मुलींना ठाऊक आहे. आपल्या शहराच्या हिमरू शालीत फूल वेगळे होतच नाही; ते कापडाबरोबर मागावरच उमलते.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा हे विणकर आले असे परंपरा सांगते. 'हम-रू' म्हणजे सारख्या रूपाचे. किनखाबाची ही प्रतिकृती. जरीऐवजी ताणा सुताचा, बाणा रेशमाचा, म्हणून स्वस्त.

जुन्या मागावर दोघांचे काम असे. नक्षीचा सारा हिशेब दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेला असे. वर बसलेला मदतनीस, बहुधा एखादा मुलगा, ठरलेल्या दोऱ्या ओढी आणि खालचा कारागीर धोटा फेकी. एक दोरी चुकली की कैरीचे टोक मोडले! पुढे फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमारास तेच काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविले. तशीच छिद्रांची कार्डे नंतर आरंभीच्या संगणकांतही आली.

विणकरांची मुले मागावर बसत नाहीत, अशी हळहळ पुष्कळ ऐकू येते. मी शिक्षक, मूल मागावरून उठून वर्गात आले याचे दुःख मला कसे व्हावे? पण त्याच्या बोटांतला तो हिशेब आम्ही वर्गात कधी विचारलाच नाही, ही चूक आमची.

घरी जुनी हिमरू असेल तर उलटून पाहा. एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत रेशमाचे सैल धागे धावताना दिसतील. शालीचा मऊपणा त्यांचाच.