मनीच्या नखांची गोष्ट

मागे बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "बाई, मनीनं नवी गोधडी फाडली, लेकरालाही ओरखडलं. तिची नखंच काढून टाकली त?" सगळ्या हसल्या. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण जगात हे खरोखर झालेलं आहे.

अमेरिकेत १९५० नंतर शस्त्रक्रिया करून मांजरांची नखं काढायची चाल पडली. मांजरं दिवसभर घरातच राहू लागली, गादीच्या खुर्च्या फाटू लागल्या, म्हणून हा उपाय. पण मांजराचं नख आपल्यासारखं कातडीवर बसलेलं नसतं. ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणून नखासोबत ते हाडही कापावं लागतं. आपल्या बोटांची शेवटची पेरं छाटावीत, तसंच हे. मग मांजराला चालताना दुखतं, कुत्रं मागं लागलं तर झाडावर चढता येत नाही, आणि नखं गेल्यामुळे ते चावायला लागू शकतं. हे लक्षात आल्यावर २०१९ साली न्यूयॉर्क राज्यानं ही शस्त्रक्रिया कायद्यानं बंद केली.

आपल्या वऱ्हाडात मांजराची नखं ही घराची राखण होती. पेवातली, कणगीतली ज्वारी उंदरांपासून वाचवायची तर मांजर पाहिजेच. मांजर मारलं तर काशीला जावं लागतं, असं आजी बजावायची, त्यामागं हेही असावं. दया तर आपल्या मातीत जुनीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो आणि स्वामी त्याला वाचवतात, अशी लीळा आहे.

पुढं ही दया कायद्यात आणली ती एका बाईनं. रुक्मिणीदेवी अरुंडेल. नाव आपल्या कौंडिण्यपूरच्या लेकीचं, पण बाई तमिळनाडूच्या, नावाजलेल्या नर्तकी. १९५२ साली त्या राज्यसभेत गेल्या आणि मुक्या जनावरांसाठी त्यांनी स्वतः विधेयक मांडलं. त्यातूनच १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली पशुकल्याण मंडळ निघालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. या कायद्यात मांजराच्या नखांचं नाव वेगळं नाही, पण जनावराचा अवयव क्रूरपणे तोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे एका गोधडीच्या शिलाईइतकाही नाही! म्हणून दंडाच्या भीतीवर विसंबून भागत नाही, समज घरातच यावी लागते.

बैल मारका निघाला तर आपण त्याचं दावं आखूड करतो, पाय तोडत नाही. मनीचंही तसंच. नखं घासणं ही तिची गरज आहे, ती घासायला जागा द्या. दोन-अडीच फुटांचा ओंडका घ्या, त्याला रिकामं पोतं सुतळीनं घट्ट गुंडाळा आणि ती झोपते तिथं उभा पक्का बांधा. गोधडी ओरबाडायला लागली की न मारता उचलून तिथं न्या. दोन-तीन आठवड्यांनी नखाचं फक्त पांढरं टोक कापा. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथं रक्त येतं. जमत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या.

आणि लेकराला ओरखडा आलाच, तर हळद-तिखट लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. रेबीजची लस द्यायची का, ते डॉक्टर सांगतील.

यंदा सोयाबीनची पोती रिकामी झाली, की एक पोतं मनीसाठी बाजूला ठेवा.